गवताचा हिशेब

१९२६ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर ट्रान्सो यांनीं मक्याच्या एका एकराचा हिशेब मांडला. मका हेंहि एक गवतच. १०,००० ताटें, १०० दिवस, आणि त्या अवधींत त्या एकरावर पडलेलें ऊन. पैकीं अन्न तयार करण्याकडे पिकानें लाविलें तें अवघें १.६ टक्के! सुमारें ४५ टक्के शक्ति पानांवाटे पाण्याची वाफ होण्यांत गेली, आणि जी साखर सिद्ध झाली तिचाहि जवळजवळ चतुर्थांश मक्यानें आपल्या श्वसनांत जाळिला.

‘केवढी ही उधळपट्टी!’ असा उद्गार येथें सहज निघतो. परंतु उधळपट्टी म्हटली कीं धन कोणाचें हा प्रश्न आलाच. आंकडा खरा असला तरी तो कोणत्या छेदानें भागून आला हें पाहिलें पाहिजे. सूर्यशक्तीचा निम्म्याहून अधिक भाग वनस्पतीला वापरतांच येत नाहीं; तो वगळला तर तोच आंकडा दुपटीच्या वर जातो. उलट, ताटें सोडून केवळ दाणेच धरले तर तो घसरतो. मक्यांत मात्र यानें तिळभरहि फरक पडत नाहीं.

वाफेबरोबर पान थंड राहतें, मुळांकडून पाणी वर चढतें; श्वसनावांचून तर रोप जगणेंच शक्य नाहीं. म्हणजे ज्याला आपण तोटा म्हणतों तें त्याचें जगणेंच होय. असली खतावणी आमच्या घरोघरीं आहे. पहांटेपासून राबणाऱ्या गृहिणीचें काम तींत कोठेंच जमा होत नाहीं, आणि म्हातारें माणूस मात्र खर्चाच्या बाजूस न चुकतां मांडलें जातें.

उपाशी माणसाला हें तत्त्वज्ञान सांगण्यास आम्ही धजणार नाहीं. भात व गहूं यांची तात्त्विक कमाल मर्यादा सुमारें ४.६ टक्के, तर मका, ज्वारी व ऊस यांची सुमारें ६ टक्के. हें अंतर ओळखून भाताचें पीक वाढविण्याची खटपट चालली आहे, ती योग्यच आहे. शेतकऱ्यानें आपल्या शेताचा हिशेब ठेवावा. पण त्याच मापानें प्रत्येक जीवाची लायकी ठरवूं लागणें हें आम्हांस मान्य नाहीं.

१९६० सालीं फ्रँक गॉली यांनीं मिशिगनमधील एका पडीक गवताळ शेताचें असेंच मोजमाप प्रसिद्ध केलें. तेथें कापणी करणारा मालक नव्हता. गवतानें उन्हाचा सुमारें १ टक्का धरला होता. त्यांतलें जेमतेम २ टक्के अन्न उंदरांनीं खाल्लें, व उंदरांवर वीझल नांवाचा चिमुकला शिकारी प्राणी जगला. उरलेलें पुष्कळसें गवत वाळून मातींत गेलें. तेथें त्यावर जगणारे जीव त्या हिशेबांत धरलेले नव्हते.