फाशीच्या अलीकडचा रस्ता

आमच्या बोथच्या बाजारात डोक्यावर पाटी घेतलेली एखादी फेरीवाली दिसली की मला लिंगापूर आठवते. कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या त्या मंडलात, एल्लापटार गावाजवळ, 24 नोव्हेंबर 2019 रोजी तिघांनी एका दलित स्त्रीवर बलात्कार केला आणि तिचा खून केला. वय अवघे तीस. गावोगाव पायी फिरून किरकोळ सामान विकायचे आणि त्यावर चूल पेटवायची, हा तिचा रोजचा दिवस. पोलिसांनी तिला नाव दिले ‘समता’. 2016 पर्यंत हा सारा मुलूख एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे समता आमचीच.

तीन दिवसांनी हैदराबादजवळ शमशाबादला एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर तसाच अत्याचार झाला. ‘दिशा’ असे नाव दिल्या गेलेल्या त्या तरुणीसाठी सारा देश रस्त्यावर आला, आणि ते योग्यच होते. समतासाठी मात्र तिच्या माणसांना आणि दलित संघटनांना ओरडून सांगावे लागले की, आमचीही लेक गेली आहे.

पुढे या दोन प्रकरणांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दिशा प्रकरणातल्या चारही आरोपींना पोलिसांनी 6 डिसेंबरच्या पहाटे चटानपल्लीजवळ गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. समताच्या खटल्यासाठी आदिलाबादला विशेष न्यायालय नेमले गेले. 14 डिसेंबरला आरोपपत्र दाखल झाले, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि 30 जानेवारी 2020 रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. गुन्ह्यापासून निकालापर्यंत दोन महिने सहा दिवस लागले.

चटानपल्लीच्या गोळीबाराची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाकडे सोपवली. 2022 च्या मे महिन्यात अहवाल खुला झाला. आरोपींनी शस्त्रे हिसकावल्याची पोलिसांची कहाणी आयोगाला पटली नाही. गोळीबार जीव घेण्याच्या हेतूने झाला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा आणि मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असे आयोगाने नोंदवले. ते दोषी होते की नव्हते हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. फुले उधळणाऱ्या हातांनी दिशाचा खटलाच संपवला.

म्हणून आदिलाबादच्या न्यायालयाचा मला अभिमान वाटतो. झटपट न्यायासाठी कायदा मोडावा लागत नाही, हे आमच्या मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याने राजधानीला दाखवून दिले. तरीही त्या निकालातल्या फाशीपाशी मी अडखळतो. आरोपींची दया येते म्हणून नव्हे. मला अडवतो तो महाराष्ट्रातला एक खटला.

जून 2003 मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला आणि पाच जणांचे जीव गेले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. त्यापुढे अपील उरत नाही. मात्र पुनर्विचारात 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि ती गोष्ट खटल्यात दडवली गेली होती. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षे कोठडीत गेली होती. त्या सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

बच्चन सिंग खटल्यात 1980 मध्ये ठरलेला ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा निकष, तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था, दयेचा अर्ज, एवढी सगळी चाळणी असूनही हे घडले. दोर ओढला गेला असता तर 2019 चा निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता? आणि निर्दोष माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरत असतो, हे फाशी मागणाऱ्यांनी विसरू नये. अशा चुकीची किंमत बहुधा ज्याला बरा वकील परवडत नाही तोच मोजतो. समताही त्याच थरातली होती आणि ते सहा मजूरही.

चटानपल्लीचा गोळीबार 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी झाला, हे मला विसरता येत नाही. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना, फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या देशाला तेच शोभते, असे त्यांचे म्हणणे होते. अन्याय म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. 2015 मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानेही दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली.

‘मग समताच्या नवऱ्याला काय सांगणार?’ हा प्रश्न मला लोक विचारतात आणि त्यांचा राग खरा आहे. 2016 मध्ये कोपर्डीतल्या शाळकरी मुलीवरचा बलात्कार आणि खून यानंतर महाराष्ट्राने तो राग पाहिला. मी एवढेच सांगेन की गुन्हेगार सुटता कामा नये, त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवा. पण समताचा जीव वाचवायचा असता, तर तो फाशीने वाचला नसता. गुन्हा करणारा शिक्षेचे कलम वाचून निघत नाही. आपण पकडले जाणार नाही, या बाईची तक्रार कोणी घेणार नाही, या भरवशावर तो निघतो. तो भरवसा मोडण्याचे काम तुरुंगाच्या दारात होत नाही, त्याच्या कितीतरी अलीकडे, गावाच्या रस्त्यावर आणि ठाण्याच्या टेबलावर होते.

दिशा बेपत्ता झाली त्या रात्री हद्दीच्या वादात तिच्या घरच्यांना एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जावे लागले, आणि गुन्हा नोंदवण्यात दिरंगाई केल्याबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न पाहता तक्रार घेण्याचे, ‘झिरो एफआयआर’चे बंधन आहे. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचे तिकीट लागत नाही. फेरीवालीला एकटीने रान तुडवावे लागू नये यासाठी मला फाशीच्या दहा कलमांपेक्षा ही एक बस मोलाची वाटते. पण ती तांड्यापर्यंत, गुड्यापर्यंत गेली पाहिजे.

वाचकांकडे माझे मागणे साधे आहे. पुढच्या वेळी फाशीच्या मागणीचे निवेदन तहसीलवर न्याल, तेव्हा त्याच कागदावर आपल्या गावच्या बंद पडलेल्या बसफेरीचे नाव लिहा आणि ठाण्यात न घेतल्या गेलेल्या तक्रारीची तारीख लिहा. आणि एखादी बाई तक्रार घेऊन निघाली, तर तिच्यासोबत ठाण्यापर्यंत चाला.