तात्पुरती वायर

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत बरेच काही छापून आले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी गाडी रस्त्यावर आणायची नाही असे झाले. ज्यांनी तिच्या तुटक्या दाराला आयुष्यभर नावे ठेवली तेही त्या आठवड्यात गहिवरले. आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांना त्या निमित्ताने एकाएकी आठवण झाली, की आपल्या हॉलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पद्मिनी पडून आहे.

गाडी होती खरी. ह्या जातीचे कूळ इटलीतील फियाटचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून बाहेर पडू लागली आणि सत्तरीच्या दशकात तिचेच नामकरण पद्मिनी असे झाले. आमची १९९१ ची, फिकट निळी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पाटीवर एम. एच. ०६ आहे. पनवेलला स्वतःचा ४६ क्रमांक मिळण्यापूर्वीची ती नोंद. २०११ पासून ती शेडमध्ये उभी होती. तिच्या मागच्या सीटवर मांजरीच्या किती पिढ्या जन्मल्या ते सांगणे कठीण.

तरुणांना आधी रंग काढायचा होता. मलाही वाटले, रंग झाला की गाडीला गाडीपण येईल आणि देणगीदारांना दाखवायला काहीतरी हाती राहील. जुन्या पुणे रस्त्यालगत ज्याचे लहानसे गॅरेज आहे, त्या वायरमनने मात्र ते मोडून काढले. हा पनवेलजवळच्याच गावचा, चाळिशीतला, फार न बोलणारा माणूस. त्याने पहिल्यांदा बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या, डॅशबोर्डखाली डोके घातले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, “फादर, आधी वायरिंग. नाहीतर रंगासकट जळेल.”

पुढचे चार-पाच दिवस, दुपारी सवड मिळेल तसा, मी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसत असे. सेमिनरीत आम्हांला सद्सद्विवेकबुद्धीवर वर्षभर व्याख्याने होती. त्या व्याख्यानांतले बरेचसे मी विसरलो आहे, पण ह्या दुपारी विसरणार नाही. मोटारीची वायरिंग म्हणजे रंगीबेरंगी वायरींची एक जुडी. ती इंजिनाच्या कडेने जाते, पत्र्याच्या भोकातून आत शिरते, डॅशबोर्डमागे फुटते आणि पायाखालून मागच्या दिव्यांपर्यंत पोचते. वीज परत बॅटरीकडे येते ती मात्र वायरीने नव्हे, तर गाडीच्या अंगातून, पत्र्यातून. त्यामुळे जिथे अर्थिंगची वायर पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते, तिथे गंज चढला की वायर कितीही नवी घाला, दिवा मिणमिणताच राहतो. आमच्या गाडीचे निम्मे आजार ह्या गंजातच होते. त्याने सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू नवे घातले आणि वर ग्रीस लावले. एवढ्याने एक मागचा दिवा बारा वर्षांनी लागला.

वायर तपासायची त्याची रीत पाहण्यासारखी होती. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. तो वायर दोन बोटांत धरून कानाजवळ वाकवी. आतून बारीक कडकड ऐकू आली की प्लॅस्टिक उष्णतेने वाळून चिरले आहे असे समजायचे. मग टोक सोलायचे. आत तांबे काळे-हिरवे निघाले तर आणखी वीतभर मागे, तरीही काळे तर आणखी मागे. “लाल तांबं लागेपर्यंत कापायचं,” तो म्हणाला. जिथे लाल लागले तिथे थांबायचे, तिथे नवीन तुकडा जोडून डाग द्यायचा, वर स्लीव्ह चढवायची. मी विचारले, सगळीच जुडी फेकून नवी का घालत नाहीस? त्यावर तो म्हणाला, चांगल्या वायरीने काय केले आहे? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला दोन रोग शिकवले जात. जिथे दोष नाही तिथेही दोष बघून सगळे उचकटणारी अतिसंशयी वृत्ती, आणि वरून टेप गुंडाळून पुढे जाणारी ढिलाई. ह्या दोहोंमध्ये माणसाने कुठे थांबावे हे सांगताना आमच्या प्राध्यापकांची तारांबळ उडे. लाल तांब्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो इंजिनाच्या बाजूला काम करीत असताना एकदम थांबला. जुडीच्या बाहेरून एक वेगळी, बारीक काळी वायर बॅटरीपासून थेट हेडलाइटकडे गेली होती. मध्ये फ्यूज नव्हता. दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ अँपिअर वीज ओढतात. बारीक वायरीतून ती रोज ओढली की वायर तापते, आणि वीज दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. ती तापून तापून, जिथे ती मूळ जुडीला टेपने बांधली होती तिथे वीतभर लांबीत सगळ्या वायरींचे प्लॅस्टिक वितळून एकमेकांना चिकटले होते. त्याच कडेने पेट्रोलची नळी जाते. मध्ये अंतर चार बोटांचे.

“फादर, हे डायरेक्ट कुणी केलंय हो?” त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाठ निरखून पाहिली. मग हळूच म्हणाला, “हात वस्तादांचा आहे. वायरला असा पीळ तेच द्यायचे.” वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते वृद्ध मेस्त्री. त्यांना जाऊन आता सात-आठ वर्षे झाली. “त्यांनी असं काम केलं असेल असं वाटलं नव्हतं,” एवढेच तो बोलला आणि पक्कड घेऊन पुन्हा वाकला. त्या दुपारी तो नेहमीपेक्षाही गप्प होता.

मी काहीच बोललो नाही. चहा आला, तो प्यालो, आणि संध्याकाळच्या मिस्सेचे कारण सांगून उठलो. मिस्सेला अजून दोन तास होते.

ती वायर माझ्या सांगण्यावरून घातलेली होती.

२००२ च्या पावसाळ्यात मी ह्याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. एका रात्री पेणच्या बाजूच्या एका वाडीतून निरोप आला, की एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या घटका मोजत आहेत, तैलाभ्यंगासाठी या. पाऊस कोसळत होता. गोव्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वीच हेडलाइट गेले. फ्यूज बदलला, तो गेला. दुसरा घातला, तोही गेला. वस्तादांचे घर जवळ होते, त्यांना उठवले. त्यांनी कंदिलाच्या उजेडात पाहून सांगितले, की पत्र्याच्या भोकातले रबर गळून गेले आहे, वायर पत्र्याला घासून सोलली आहे, पाणी लागले की शॉर्ट होते. सगळे उघडायला दोन-तीन तास तरी हवेत. मी म्हणालो, “मला आत्ता जायचं आहे. काहीही करा.” त्यांनी हाताशी होती ती बारीक वायर काढली, डायरेक्ट जोडली आणि दिवे लावून दिले. पैसे घेतले नाहीत. खिडकीशी वाकून म्हणाले, “फादर, उद्या सकाळी आणा. हे असं ठेवायचं नसतं.”

मी वेळेवर पोचलो. त्या गृहस्थांना शुद्ध होती. पहाटे ते गेले. त्या रात्रीबद्दल मला आजही खंत वाटत नाही.

प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवशी मी थकलो होतो. तिसऱ्या दिवशी शाळेची सभा होती. शिवाय दिवे लागत होते, आणि लागणाऱ्या दिव्याची तक्रार कोण करतो? पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली. किल्ली मी नव्या साहाय्यकांच्या हाती ठेवली. स्टेपनीत हवा कमी आहे हेदेखील सांगितले. वायरीचे सांगितले नाही, कारण ती तोवर माझ्या लक्षातूनच गेली होती. त्या धर्मगुरूंनी पुढे कित्येक रात्री त्याच दिव्यांवर गाडी चालवली, कधी आजाऱ्यांना बसवून, कधी मुलांना.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी गरज आणि नियम ह्यांच्या संबंधाची चर्चा करताना वेढा पडलेल्या नगराचे उदाहरण घेतले आहे. वेशी बंद ठेवाव्यात असा नियम आहे. पण नगराचे रक्षण करणारेच लोक शत्रूच्या तावडीतून पळत वेशीपाशी आले तर काय करावे? वेस उघडावी, असे त्यांचे उत्तर. नियम लोकांच्या हितासाठी आहे. त्या हितासाठीच तो त्या घटकेपुरता बाजूला ठेवायचा. हे उदाहरण मी अनेकदा वर्गात आणि प्रवचनात वापरले आहे. आता त्याचा विचार करताना मला एका गोष्टीचे नवल वाटते, की उघडलेली वेस पुन्हा कोणी लावायची हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. लोक आत आले, जीव वाचले, सगळे आनंदात घरोघर गेले आणि वेस सताड उघडी. संकटात घेतलेली सूट खोटी नव्हती. ती संकटाबरोबर संपली हे मात्र कोणी तरी पाहायला हवे, आणि ते पाहण्याची जबाबदारी ज्याने सूट घेतली त्याचीच. वस्तादांनी ‘उद्या आणा’ म्हटले त्या क्षणी त्यांच्या अंगावरचे ओझे माझ्या अंगावर आले होते.

मिस्सेच्या आरंभी आपण जी कबुली देतो, तिच्यात केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींचाही उच्चार असतो. केलेले पाप आठवते. त्याला दिवस असतो, जागा असते. न केलेल्याला जन्मतारीखच नसते. मी नेमका कोणत्या दिवशी चुकलो? दुसऱ्या दिवशी? की महिन्याने? कदाचित प्रत्येक संध्याकाळी थोडा थोडा, दिव्याचे बटण ओढताना.

हे फक्त मोटारीत होते असे समजू नये. आपल्या पनवेल-उरण भागात सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी किती घरांत काय केले हे मी जवळून पाहिले आहे. कागदपत्रांची घाई असते, एक भाऊ परगावी किंवा आखातात असतो, बहिणी सासरी असतात. मग ‘सध्या थोरल्याच्या नावावर राहू दे’ असे ठरते. ठरवताना कोणाच्याही मनात काळे नसते. पुढे इमारत उभी राहते, भाडे येऊ लागते आणि त्या ‘सध्या’ला पंधरा वर्षे होतात. मग धाकट्याने विचारले तर तोच लोभी ठरतो. अशा घरांत मी समेटासाठी गेलो, दोन्ही बाजूंना उपदेश केला, आणि माझ्या स्वतःच्या शेडमध्ये काय पडले आहे ते मला ठाऊक नव्हते.

फ्यूजचे काम तसे मोठे विलक्षण. तो मुद्दाम दुबळा केलेला असतो. बिघाड झाला की आधी आपण वितळायचे आणि वायर वाचवायची, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. त्या रात्री तो दोनदा जळाला, म्हणजे दोनदा खरे बोलला. आम्ही त्याला वगळून रस्ता काढला. कुटुंबात, कार्यकारी मंडळात, आणि (हे लिहायला हरकत नसावी) धर्मगुरूंच्या बैठकीतही, वारंवार हरकत घेणारा एखादा चिडखोर सभासद असतो. त्याला वगळले की सभा किती झटपट आटोपते!

पण माझ्यापुढचा खरा पेच वायरीचा नव्हता. वायर तर निघालीच होती. एका शिष्याच्या मनात त्याच्या गुरूची किंमत माझ्या मौनाने उतरली होती. चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय प्रायश्चित्त पुरे होत नाही, हे लहान मुलांनाही आपण शिकवतो. हिरावलेल्या नावालाही तोच नियम आहे, आणि नावाचा धनी मेला म्हणून कर्ज फिटत नाही. मी खोटे बोललो नव्हतो, फक्त चहा प्यालो होतो. रात्री मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. गाडी दुरुस्त होणारच आहे. जुनी गोष्ट उकरून काय मिळणार. धर्मगुरूबद्दलचा आदर कमी झाला तर त्यात कोणाचे हित? हा शेवटचा युक्तिवाद सर्वांत चकचकीत होता. सोलून पाहिला तेव्हा आत काळे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर जाऊन मी त्याला सगळे सांगितले. वस्तादांचे शेवटचे वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगितले. तो हातातली सोल्डरची कांडी खाली ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे त्यांनी सांगितलं होतं.” मी म्हणालो, “हो, सांगितलं होतं.” त्याने माझ्याबद्दल काही मत दिले नाही. थोड्या वेळाने, वाकून काम करता करता, वस्ताद पोरांना कसे मारीत ते तो आपण होऊन सांगू लागला.

माझ्यानंतर ज्यांनी ती गाडी चालवली त्या धर्मगुरूंना मी रात्री फोन केला. ते हसले. जळक्या रबराचा वास त्यांना अनेकदा येत असे. “पण त्या रस्त्यावर मी कायम कुठल्यातरी ट्रकच्या मागे असायचो, मला ट्रकचाच वाटायचा,” म्हणाले. मला काही हसू आले नाही.

वायरिंग पुरी झाली. पत्र्याच्या प्रत्येक भोकात नवे रबर आहे, हेडलाइटला स्वतःचा फ्यूज आहे. एकच गोष्ट राहिली. वायपरचा स्विच मिळेना. तो कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून यायचा होता आणि पाऊस तर तोंडावर आलेला. त्याने वायपरची वायर डायरेक्ट जोडली, मध्ये फ्यूज घालून. मग कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर ‘गुरुवार’ असे लिहून तो तुकडा दोऱ्याने स्टिअरिंगला बांधला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी गाडी घेऊन त्याच्या दारात गेलो. गॅरेज अजून उघडले नव्हते. मी गाडीतच बसून राहिलो.