अर्ध्यावर ठेवलेले काम

शास्त्रपाठ : योहान ४:२७-४२



सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीपाशी शिष्य अन्न घेऊन परतले, तेव्हा प्रभूचे लक्ष अन्नाकडे नव्हते. गावातून माणसे बाहेर पडून विहिरीकडे येत होती, आणि त्यांच्याकडे पाहून प्रभू पेरणीविषयी व कापणीविषयी बोलू लागला. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की पेरणारा एक आणि कापणारा दुसरा. ज्या शेतात तुम्ही घाम गाळला नाही, तेथील पीक कापावयास मी तुम्हांला पाठवीत आहे. शिष्यांना हे कितपत रुचले असेल याची मला शंका आहे. आपल्यापैकी कोण मोठा या विषयावर वाटेत वाद घालणारी ती माणसे. दुसऱ्याच्या शेतातील कापणी त्यांना मानाची वाटली असेल काय?

या शास्त्रभागाचे मनन करीत असता मला एका खेळाची आठवण होते. खेळ हा शब्द वाचून काही वडीलधारे वाचक पान उलटतील. पण जखऱ्या संदेष्ट्याने (८:५) देवाने पुन्हा वसवलेल्या यरुशलेमेचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात काठी टेकीत बसलेले म्हातारे आहेत, आणि रस्ते भरून टाकणारी, खेळणारी मुलेमुलीही आहेत. देवाच्या नगरात खेळाला मज्जाव नाही.

खेळाचे नाव फोल्डिट. त्याची कथा समजण्यासाठी थोडी शास्त्रीय माहिती हवी. आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने काम करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, मण्यांच्या माळेसारखी. ही माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती घड्या घालून एक ठरावीक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचे काम अवलंबून असते. आकार बिघडला की काम बिघडले. माळेतील मण्यांचा क्रम शास्त्रज्ञांना ठाऊक असे, पण तिची घडी कशी पडेल हे सांगणे महाकठीण. कारण पडू शकणाऱ्या घड्या मोजदादीपलीकडच्या. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर व त्यांचे सहकारी हे गणित संगणकाकडून सोडवून घेत होते. २००५ सालापासून जगभरच्या लोकांनी घरचे रिकामे संगणक त्यांना या कामासाठी वापरू दिले. संगणक माळेच्या घड्या घालून पाहत असता पडद्यावर ते दिसत असे. ते पाहता पाहता काही जणांनी विद्यापीठाला कळविले, की यंत्र चुकते आहे. आम्हांला हात घालू द्या, आम्ही याहून बरे करू.

एखाद्या विद्वानाला हे उद्धट वाटले असते. त्या विद्वानांना मात्र ते खरे वाटले. संगणकशास्त्र विभागातील झोरान पोपोविच व इतरांच्या साहाय्याने मे २००८ मध्ये तो खेळ सर्वांसाठी खुला करण्यात आला. पडद्यावर रंगीत, वेडीवाकडी माळ दिसते. ती ओढायची, पिळायची, गदागदा हलवायची, दोन लांबचे भाग रबर लावून जवळ आणायचे. दोन भाग एकमेकांत घुसले की तांबडे काटे दिसतात. घडी नीट, घट्ट बसली की गुण वाढतात. खेळणाऱ्यांत जीवरसायनशास्त्र शिकलेले थोडे, न शिकलेलेच फार. २०१० साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात या खेळाविषयी जो लेख आला, त्याच्या लेखकांत 'फोल्डिटचे खेळाडू' हेही होते. सत्तावन हजारांहून अधिक माणसे त्या दोन शब्दांत सामावली होती.

त्या लेखातील एका निरीक्षणापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. यंत्र आपली घडी लहान लहान पावलांनी सुधारत जाई, आणि बऱ्या जागी पोहोचले की तेथेच अडकून पडे. कारण तेथून कोणत्याही दिशेला हलले तरी गुण कमीच होत. माणसे मात्र तेथून निघत. ती बांधलेली घडी मोठ्या प्रमाणावर उसवीत, गुण घसरू देत, काही काळ आकार अगदी वाईट दिसला तरी चालवून घेत, आणि मग पूर्वीपेक्षा उंच चढत. यिर्मया कुंभाराच्या घरी गेला तेव्हा चाकावरचे भांडे बिघडले होते. कुंभाराने ते तसेच भाजून विकावयास ठेवले नाही. त्याच मातीचे दुसरे भांडे केले. आपल्या कितीतरी मंडळ्या बऱ्या जागी अडकलेल्या आहेत. हजेरी बरी, दानपेटी बरी, वार्षिक अहवाल बरा. काही उसवावे म्हटले तर पहिल्या वर्षी आकडे घसरणार, आणि घसरलेले आकडे वार्षिक सभेत वाचून दाखविण्याचे धैर्य कोणाला? असो. मूळ विषयाकडे वळू.

माकडांना एड्ससारखा आजार जडविणारा एक विषाणू आहे. त्याच्या एका प्रथिनाचा आकार दहा वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांना सापडत नव्हता. हे प्रथिन कात्रीसारखे असते. विषाणूच्या लांब साखळीचे ते योग्य ठिकाणी तुकडे करते, तेव्हाच नवा विषाणू पुरा होतो. म्हणून औषधे शोधणाऱ्यांना त्याच्या आकाराचे महत्त्व. पोलंडमधील व चेक प्रजासत्ताकातील शास्त्रज्ञांनी त्याचे स्फटिक तयार करून, त्यांवर क्ष-किरण सोडून माहिती मिळविली होती. पण तिचा अर्थ लावण्यास आकाराचा एक चांगला अंदाज हाती हवा होता, आणि तोच नव्हता. अखेर हे कोडे फोल्डिटच्या खेळाडूंपुढे तीन आठवड्यांसाठी ठेवले गेले. तेवढ्या अवधीत पुरेसा अचूक आकार हाती आला. सप्टेंबर २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यामुळे एड्स बरा होऊ लागला, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. बातम्यांना अशी सूज येतच असते. एक जुने कुलूप कसे आहे ते कळले, एवढे खरे. किल्ली घडविणे हे निराळे काम.

आता मला जे सांगावयाचे आहे ते असे. तो आकार कोणा एकाने शोधला नाही. एका गटातील एकाने बऱ्यापैकी घडी बसविली आणि ती गटापुढे ठेवली. दुसऱ्याने ती उचलून आतला भाग अधिक नीट बसविला. तिसऱ्याच्या हाती ती आली तेव्हा बाहेर लोंबणारा एक पदर आत वळविणे बाकी होते, आणि ते त्याने केले. तिघांपैकी कोणाचे काम महत्त्वाचे? पहिल्याचे म्हणावे तर ते अपुरे होते; तिसऱ्याचे म्हणावे तर ते थोडेच होते. प्रसिद्ध झालेल्या लेखात गटांची नावे लेखक म्हणून छापली गेली.

हे आपोआप घडले नाही. खेळ रचणाऱ्यांनी त्यासाठी जागा करून ठेवली होती. फोल्डिटमध्ये खेळाडूंच्या गुणांच्या दोन वेगळ्या याद्या असतात. एक, कोडे आरंभापासून स्वतः सोडविणाऱ्यांची. दुसरी, इतरांनी अर्ध्यावर ठेवलेले उचलून पुढे नेणाऱ्यांची. गटागटांत चुरस भरपूर असते, ते काही संतांचे मठ नव्हेत. पण दुसऱ्याचे काम पुढे नेणे यालाही तेथे मान आहे, त्याचीही नोंद आहे.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत ही दुसरी यादी कोठे आहे? नवे पाळक येतात आणि आधीच्यांनी चालविलेला बायबल अभ्यासवर्ग हळूच बंद पडतो. नवा सुरू होतो, नव्या नावाने. महिला मंडळाची चिटणीस बदलते आणि वस्तीतील साक्षरता वर्गाच्या पाट्या कपाटात जातात. कोनशिलेवर पायाचा दगड बसविणाऱ्याचे नाव असते. गळके छप्पर वीस वर्षे दुरुस्त करीत राहणाऱ्याचे नाव कोठेच नसते. आपण आरंभ करणाऱ्यांना हार घालतो, म्हणून आपल्याकडे आरंभच फार होतात. करिंथ येथील मंडळीत हाच रोग होता. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा. पौलाने त्यांना शेताचे उदाहरण दिले : लावणारा मी, पाणी घालणारा अपुल्लोस, पण वाढविणारा देव (१ करिंथ ३). अपुल्लोसाने पौलाचे रोप उपटून आपले लावले नाही, आणि पौलानेही माझ्या रोपाला हा कोण पाणी घालणार असे म्हटले नाही. यातले दुसरे पहिल्याहून कठीण असावे, असे मला वाटते.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला हे अपरिचित नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम दहा अध्यायांपर्यंत आले होते. ते पुरे कोणी करावे? टिळकांचे कवी मित्र पुष्कळ होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहिणेवाचणे लग्नानंतरच शिकावे लागले होते. त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचले. ग्रंथ छापून निघाला १९३८ साली. लक्ष्मीबाई १९३६ मध्येच निवर्तल्या होत्या. आरंभ करणाऱ्यानेही तो ग्रंथ पाहिला नाही आणि शेवटास नेणारीनेही नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक अकराव्या अध्यायाच्या अखेरीस म्हणतो, की विश्वासाने जगलेल्या त्या सर्व पूर्वजांना वचनाचे फळ मिळाले नव्हते, कारण आपल्यावाचून त्यांनी पूर्ण होऊ नये अशी देवाची योजना होती. आपल्यावाचून! आपण ज्यांची चरित्रे वाचतो, ती माणसे आपल्या हाताची वाट पाहत आहेत.

येथे एक खरी अडचण आहे, ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२० साली अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने प्रथिनांचे आकार इतक्या अचूकपणे ओळखून दाखविले, की पूर्वी जे काम माणसे आठवडेच्या आठवडे खपून करीत, ते आता यंत्र अल्पावधीत करते. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे बेकर यांना नवी प्रथिने घडविण्याच्या कामासाठी, आणि अर्धे अल्फाफोल्डचे डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाले. मग रात्री जागून माळा गुंफणाऱ्या त्या हजारोंचे काय? त्यांचे श्रम फुकट गेले काय? हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. ज्या शिक्षिकेने तीस वर्षे खडू झिजविला आणि आज जिची शाळा बंद पडली आहे, तिचा तो आहे. ज्या जुळाऱ्याने आपली मासिके एकेक खिळा वेचून जुळविली आणि ज्याचे कौशल्य आता कोणालाच नको आहे, त्याचाही आहे.

अल्फाफोल्ड हवेतून शिकले नाही. १९७१ साली स्थापन झालेल्या एका सार्वजनिक भांडारात जगभरच्या प्रयोगशाळांनी सिद्ध केलेले प्रथिनांचे आकार जमा होत आले. यंत्राने ते अभ्यासले. त्यांतील एकेका आकारासाठी कोणी तरी वर्षे घालविली होती. माकडांच्या त्या विषाणूची कात्रीही त्या भांडारात आहे. यंत्रही, म्हणावयाचे तर, दुसऱ्यांनी श्रम केलेल्या शेतात उतरले. एवढ्याने त्या शिक्षिकेचे दुःख जाते असे मी म्हणणार नाही. कोणी आपल्या पुढे निघून गेला हे पाहताना मन दुखावतेच, आणि प्रभूने पेरणारा व कापणारा दोघांनी एकत्र आनंद करावा असे म्हटले, तेव्हा हे दुखणे त्याला ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही.

ज्या शेताकडे बोट दाखवून प्रभू हे बोलला, त्यात सर्वांत अलीकडची पेरणी कोणाची होती? बारापैकी कोणाचीच नव्हे. घागर विहिरीवर टाकून गावात धावत गेलेल्या त्या स्त्रीची होती. तिचे नाव शास्त्रात नाही. तिला सारे कळलेही नव्हते. हाच ख्रिस्त असेल काय, असे प्रश्नरूप आणि अर्धवट तिने सांगितले होते. तेवढ्यावर गाव बाहेर आला. प्रभू तेथे दोन दिवस राहिला, आणि स्वतः त्याचे ऐकून आणखी पुष्कळांनी विश्वास ठेवला. मग ते लोक तिच्याकडे येऊन म्हणाले, की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर उरलेला नाही. आम्ही स्वतः ऐकले आहे, आणि हा जगाचा तारणारा आहे हे आम्हांला कळले आहे. त्यावर ती काय बोलली, हे योहानाने लिहिलेले नाही. घागर घेण्यासाठी ती पुन्हा विहिरीवर गेली की नाही, हेही नाही.