ती ओळ कशासाठी होती?

जय जय रघुवीर समर्थ!

आजचं वाचन : दासबोध, दशक १९, समास १, लेखनक्रिया निरूपण.

मित्रांनो, परवा ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. जालन्यातल्या आमच्या छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर मीच सांभाळतो. पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये एक ओळ दिसली : फक्त आयपीव्ही४ वापरायचं. का? आठवेना. ओळ माझीच, तीन वर्षांपूर्वीची. शेजारी कारण काही लिहिलेलं नाही. जुनाट दिसतेय म्हणून काढून टाकली.

दुपारपर्यंत जीमेलला जाणारे मेल परत यायला लागले. मग उलगडा झाला. आमच्या आयपीव्ही६ पत्त्याला पीटीआर नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, नव्हतीच. ती नसेल तर जीमेल मेल घेत नाही. तेव्हा हीच ठेच लागली होती, म्हणून ती ओळ घातली होती! ठेच विसरलो, ओळ तेवढी उरली.

रात्री हा समास उघडला. २०० समासांच्या या ग्रंथात समर्थ ब्रह्म आणि माया सांगतात, तसंच अक्षर कसं काढावं, ओळी सारख्या कशा ठेवाव्यात हेही शिकवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या जांबला १६०८ मध्ये जन्मलेल्या या रामभक्ताला शाई-कागदाची एवढी काळजी का? मला वाटतं, लिहिणाऱ्याच्या मागून वाचणारा येतो म्हणून. तो दुसरा कुणी असेल, नाहीतर सगळं विसरलेले आपणच.

वाचता वाचता घरचं आठवलं. दिवेलागणीला फोन बाजूला ठेवायचा, असा माझा नियम होता. मध्यंतरी 'उगाच कर्मकांड' म्हणून सोडला. गेल्या आठवड्यात बाबा काहीतरी विचारत होते, मी स्क्रीनवरून मान न उचलता खेकसलो. ते गप्प उठून गेले. तेव्हा कळलं, नियम देवासाठी कमी आणि त्यांच्यासाठी जास्त होता.

जुनं आहे म्हणून टाकू नका, आणि जुनं आहे म्हणून डोक्यावरही घेऊ नका. आधी विचारा. आजीला विचारा, आईला विचारा. कारण संपलं असेल तर खुशाल सोडा. आमच्या पत्त्याची पीटीआर नोंद झाली की ती ओळही जाईल, पण आता कळून-सवरून जाईल.

आजचा छोटा अभ्यास : आपला एक नियम वहीत लिहा आणि पुढे 'कशासाठी' तेही लिहा. मी लिहिलं, "फोन बाजूला. बाबांसाठी."

जय जय रघुवीर समर्थ!