घरच्या संगणकावरचे भजन आणि कर्त्याचा प्रश्न

भजन हे कर्म आहे असे मानले की त्या कर्माचा कर्ता कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि ज्या भजनातला पखवाज त्या भजनासाठी कोणी वाजवलेलाच नाही, टाळ कोणी हाती धरलेला नाही आणि गायकाचा ढळलेला सूरही गणिताने जागेवर आणून बसवलेला आहे, त्या भजनाच्या बाबतीत तो फारच अवघड होतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत तो आता रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे. वासिंद, आसनगाव, खर्डी ही मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरची गावे असोत, की रेल्वे न पोहोचलेला सरळगाव, धसई, टोकावड्याकडचा माळशेजच्या वाटेचा मुलूख असो, घरातल्या एका खोलीत संगणक, मायक्रोफोन, आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे साउंड कार्ड आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या एवढ्या सामग्रीवर आज गाणे उभे राहू शकते. त्यात हळदीची गाणी असतात, आगरी-कोळी चालीची गाणी असतात, पौष पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या म्हसा गावच्या यात्रेसाठी रचलेली गाणी असतात आणि अभंगही असतात. पत्र्याच्या घरात आषाढ-श्रावणात हे काम जवळजवळ थांबते, कारण पावसाचा आवाज मायक्रोफोन गायकाइतक्याच निष्ठेने टिपतो.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे संगीतनिर्मितीची संगणक-प्रणाली. १९९७ साली बेल्जियममध्ये ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने निघालेली आणि पुढे ‘एफएल स्टुडिओ’ झालेली प्रणाली अशांपैकी एक. अशा प्रणालीत वाद्याचा एकेक आघात आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो, त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात; असे आघात पडद्यावरच्या चौकटींत मांडून तयार केलेला आणि पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा म्हणजे ‘लूप’. पखवाजाचा ‘धा’ कोणीतरी, कुठेतरी, एकदाच वाजवलेला असतो. तो हजार भजनांत हजारो वेळा ऐकू येतो.

शब्द नित्य की अनित्य, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते ध्वनी हा आकाशाचा गुण असून तो आघाताने उत्पन्न होतो, पाण्यावरच्या लाटेसारखी लाटेमागून लाट उठवत कानापर्यंत येतो आणि क्षणार्धात नाश पावतो. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहेत. उच्चार त्यांना निर्माण करत नाही, प्रकट करतो. त्यांचा मोठा पुरावा प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हा तोच आहे’ या ओळखीचा: दहा जणांनी ‘ग’ म्हटले तरी ऐकणारा दहा ‘ग’ ऐकले असे म्हणत नाही, एकच ‘ग’ दहा वेळा ऐकला असे म्हणतो. नैयायिक उत्तर देतात की ती ओळख जातीची आहे, व्यक्तीची नव्हे. हा वाद वर्णांविषयीचा होता, वाद्यांच्या नादाविषयी असा दावा मीमांसकांनीही केला नव्हता. पण सॅम्पलमुळे वाद्याच्या आघाताबाबतही ‘हा तोच’ असे अक्षरशः म्हणता येऊ लागले आहे. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवलेले ते आकडे प्रत्येक वेळी खरोखरच तेच असतात. गंमत अशी की हे नित्यत्व कानाला सोसत नाही. तोच आघात चार वेळा लागोपाठ आला की ऐकणाऱ्याला ते यांत्रिक खडखडणे वाटते, म्हणून चांगल्या सॅम्पल-संचात एकाच बोलाचे अनेक वेगवेगळे आघात मुद्रित करून ते आळीपाळीने वापरले जातात, म्हणजे ‘हा तोच’ ही ओळख जाणूनबुजून मोडली जाते. हे संच बनवणाऱ्यांनी न्यायदर्शन वाचले असण्याची शक्यता कमी, तरीही त्यांनी कौल नैयायिकांच्या बाजूने दिला आहे.

तथापि, ध्वनी कृत्रिम आहे म्हणून भजन खोटे, हा आक्षेप फार दूर जात नाही. हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला होता. युरोपातून आलेली, ठरावीक बारा स्वरांत अडकलेली ही पेटी श्रुती आणि मींड यांचा घात करते या कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, आणि त्या साऱ्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी सुखाने वाजत होती. परंपरेने जे एकदा पचवले ते तिला परके राहिले नाही. ‘ऑटोट्यून’ ही सूर दुरुस्त करणारी प्रणालीसुद्धा १९९७ सालचीच. तिचा कर्ता अँडी हिल्डेब्रँड हा तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या ध्वनिलहरींचे गणित करणारा अभियंता होता. तिच्याविषयीची खरी तक्रार कृत्रिमतेची नसावी. गोड गळा ही नामाची अट नाही, असे संतांनी मानले असताना, ज्या उणिवेला भक्तीने कधी उणीव म्हटले नाही तिची दुरुस्ती ही प्रणाली करत बसते, ही ती तक्रार होय.

अधिक खोलवरची अडचण लयीची आहे. भजनी मंडळ एकत्र बसते तेव्हा पखवाजी डाव्या पुडीवर कणीक थापून, गठ्ठ्यांवर हातोडीने ठोकून वाद्य पेटीच्या स्वराला मिळवतो आणि दमट हवेत ते उतरले की पुन्हा मिळवतो. अभंग संथ सुरू होतो, टाळकरी पखवाजाकडे आणि पखवाजी गायकाकडे कान देतो, लय हळूहळू चढते आणि गजराला पोहोचते. ही चढण कोणी एकटा ठरवत नाही. ती परस्परांच्या ऐकण्यातून येते. संगणकावर मात्र दर मिनिटाला किती ठोके, हा आकडा गाण्याच्या आरंभीच भरावा लागतो, आणि लय चढवायचीच असेल तर पडद्यावर तशी तिरपी रेषा ओढावी लागते. भक्तिभाव कितव्या मिनिटाला किती वाढेल, हे आधी ठरवून मग गायला बसायचे, असा त्याचा अर्थ होतो. जाणकार यावर उपाय करतात: आधी गायक मोकळेपणाने गातो आणि मग त्याच्या लयीनुसार चौकटी सरकवल्या जातात. पण हे कष्टाचे काम आहे, आणि तयार लूप समोर असताना ते करण्याची प्रवृत्ती कमीच राहणार.

इथे कर्त्याच्या मूळ प्रश्नाला जैमिनीच्या पूर्वमीमांसेत एक नेमके उत्तर सापडते. यज्ञाचे फळ तो योजणाऱ्याला मिळते, पण त्यातली सर्व कृत्ये त्याने स्वतः करावीत असे नाही. ती ऋत्विज दक्षिणा घेऊन करतात. यजमानाला जे दुसऱ्यावर सोपवता येत नाही ते एकच, त्याग, म्हणजे हे द्रव्य आता आपले नाही, देवतेचे आहे, असे म्हणून स्वतःची मालकी सोडणे. या दृष्टीने पाहिले तर संगणकापुढे बसलेला खर्डीचा किंवा धसईचा तरुण हा वादक नसून यजमान आहे. त्याचा पखवाजी सॅम्पलमध्ये आहे, त्या पखवाज्याची दक्षिणा केव्हाच चुकती झालेली आहे. फरक एवढाच की ऋत्विजाला आपण कोणत्या यज्ञात बसलो आहोत हे माहीत असते, आणि सॅम्पलमधल्या वादकाला आपला ‘धा’ विठ्ठलासाठी पडतो की हळदीच्या नाचासाठी, याचा पत्ता नसतो.

ही मांडणी सोयीची असली तरी तिची किंमत मोठी आहे. वारकरी संप्रदायाने नामासाठी कोणी मध्यस्थ लागत नाही असे सांगितले, तेव्हा त्याने ऋत्विजाची जागाच काढून टाकली. हरिनाम सप्ताहात ज्याला काहीच येत नाही तो टाळ्या वाजवतो, आणि त्या टाळ्या त्याच्याच असतात. घरच्या संगणकाने एका माणसाला संपूर्ण भजनी मंडळाचे सामर्थ्य दिले आणि त्याच वेळी त्याला भक्ताच्या जागेवरून उठवून पुन्हा यजमानाच्या आसनावर बसवले. त्यामुळे त्याच्या गाण्याची कसोटी ध्वनीवर लागत नाही. ती त्यागावर लागते, आणि त्याग कोणत्याही प्रणालीच्या यादीत मिळत नाही.

जिथे गाणे म्हणजेच विधी आहे तिथे तर यजमानपणही पुरे पडत नाही. वारली समाजाच्या लग्नात धवलेरी ही सुवासिनी लग्नाची गाणी गाते आणि विधीही तीच लावते. आगऱ्यांच्या लग्नांतही धवलारणीच्या गाण्याचा मान आहे. तिचे धवळे, म्हणजे ही लग्नगीते, ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे जतनाचे चांगले काम होय, परंतु मांडवात ते ध्वनिमुद्रण लावून तिला घरी बसवले तर विधी होत नाही, विधीची आठवण होते. हळदीच्या रात्री वाजणाऱ्या तयार गाण्यांवर असा आरोप करण्याचे कारण नाही. ती नाचासाठी असतात आणि ते काम ती चोख करतात.

उरतो प्रश्न साधनाच्या शुद्धतेचा, ज्याची चर्चा कोणी मोकळेपणाने करत नाही. ‘ऑडासिटी’सारखी फुकट मिळणारी ध्वनिमुद्रणाची प्रणाली २००० सालापासून उपलब्ध आहे, पण पुरी प्रणाली महाग पडते म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘क्रॅक’, म्हणजे कुलूप मोडलेली प्रत वापरली जाते. चोरलेल्या साधनाने केलेले भजन देवाला पोहोचते का? मीमांसेच्या चौथ्या अध्यायातील लिप्सासूत्रावरच्या चर्चेत जवळचा प्रश्न आला आहे, आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरा या आपल्या धर्मशास्त्रीय टीकाग्रंथात वारसाहक्काचा विचार करताना त्याचा आधार घेतला आहे: धन कसे मिळवावे याचे नियम माणसासाठी आहेत, यज्ञासाठी नाहीत, म्हणून ते मोडले तर दोष माणसाला लागतो, यज्ञ बिघडत नाही. हे उत्तर हायसे वाटायला लावणारे आहे, पण अपुरे आहे. नियम मोडून मिळवलेले धन निदान मिळवणाऱ्याचे होते. चोरीने मालकी येत नाही, हे व्यवहारातही मान्य आहे आणि मिताक्षरेलाही मान्य आहे, आणि जे आपले नाही त्याचा त्याग करता येत नाही. उलट बाजूने असेही म्हणता येईल की प्रत काढल्याने मूळ मालकाकडची वस्तू जात नाही, म्हणून प्राचीन अर्थाने ही चोरी नव्हे. मात्र ज्याची रोजीरोटी त्या प्रतीच्या विक्रीवर आहे त्याला हा युक्तिवाद पटणार नाही.

आणि तो युक्तिवाद करणाऱ्याला तरी पटतो का, हे त्याच्याच गाण्यात ऐकू येते. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते, तीत त्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घेतलेली असते आणि पुढे कोणीही तो अभंग कोणत्याही चालीत गावा, याला त्याची आडकाठी नसते. संगणकावर तयार झालेल्या गाण्यात ठरावीक अंतराने एक आवाज निर्मात्याचे नाव पुकारतो. त्याला ‘टॅग’ म्हणतात, आणि आपले गाणे दुसऱ्याने उचलून स्वतःच्या नावावर खपवू नये, एवढ्यासाठीच तो घातलेला असतो. कुलूप मोडलेल्या प्रणालीवर गाणे रचून त्या गाण्याला कुलूप लावणारा हा यजमान आपली मालकी किती घट्ट धरून आहे, हे तो टॅग दर अर्ध्या मिनिटाला सांगतो. अभंग ध्वनिमुद्रित करताना तरी हा टॅग काढून टाकणारे काही जण असतात. त्यांनी जैमिनी वाचलेला नसला तरी त्याने यजमानासाठी राखून ठेवलेले एकमेव काम ते करतात.