लाच देणाऱ्याचा दोष

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड वसाहतीतील एखादा उपदेशी कारखानदार परवाना लवकर मिळावा म्हणून लाच देतो आणि वहीत ती रक्कम 'किरकोळ खर्च' म्हणून मांडतो. घेणारा पापी, आपण केवळ नाडलेले, अशी त्याची समजूत असते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली सुधारणा होऊन लाच देणे हाही स्वतंत्र अपराध ठरला. मात्र बळजबरीने द्यावी लागलेल्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास तो दोषमुक्त राहतो. म्हणजे नाइलाज आणि सोय यांतील भेद कायद्याने एकाच कसोटीवर ठेवला: तो बोलला की गप्प राहिला?

शास्त्राची दृष्टी याहून खोल जाते. श्रीचक्रधरस्वामींनी अहिंसेला आचारधर्मात श्रेष्ठ स्थान दिले. लाच देणाऱ्याचे काम पुढे सरकते, तेव्हा कोणा निर्धनाचा अर्ज तळाशी जातो. त्याचे मुख देणाऱ्यास दिसत नाही, म्हणून हिंसा घडली नाही असे होत नाही.

व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत आज व्यवसायनीती शिकविली जाते, हे स्तुत्यच आहे. परंतु लाभहानीच्या हिशेबावर उभी राहिलेली नीती लाभ दिसताच ढळते. उपदेशी साधकाने विलंब सोसावा आणि अडवणूक झाल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे निर्भयपणे जावे. जी रक्कम खऱ्या नावाने वहीत लिहिता येत नाही, ती देऊच नये.