प्रमादाचे स्थान

वसई तालुक्यात अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे सापडले: आठव्या लेखाचा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास, आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावास. या नवव्या लेखात राजा म्हणतो की, लोक आजारपणी, विवाहप्रसंगी, प्रवासास निघताना नाना मंगलकार्ये करतात, ती अल्पफल होत. खरे मंगल आहे ते दास आणि भृतक (पगारी सेवक) यांच्याशी नीट वागण्यासारख्या आचारात. आज त्याच तालुक्यात, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून असंख्य भृतक पाळ्या करीत असता, त्यांतील एखादा रात्रीची दारू पुरती उतरलेली नसतानाच पॉवर प्रेसवर बसतो आणि क्षणार्धात बोटे गमावतो, तेव्हा दोष कोणाचा, या प्रश्नाला त्या शिलाखंडाइतका योग्य साक्षीदार मला दुसरा दिसत नाही.

‘अंमल’ हा शब्द आपण राज्यसत्तेलाही लावतो आणि नशेलाही. ज्या इसमावर दुसऱ्याचा अंमल बसला, त्याच्या कृत्याचा जाब त्यालाच विचारावा काय? पहिला प्याला त्याने स्वेच्छेने उचलला, हे खरे. परंतु व्यसन जडले की जी इच्छा नकार द्यावयाची तीच आधी दुबळी होते, आणि मनुष्य आपल्याच घरात कुळासारखा राहू लागतो. बौद्धांच्या पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. कारण प्रमाद म्हणजे पाप नव्हे, सावधपणाचा लोप, आणि असा लोप न पिणाऱ्याच्या ठायीही होऊ शकतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने असा अपवाद केला की, दुखापत कामगाराच्या नशेमुळेच थेट झाली असेल तर मालक भरपाई देण्यास बांधील नाही. मात्र कामगार दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हा अपवाद लागू नाही. म्हणजे त्याची बोटे गेली तर जबाबदारी त्याची एकट्याची, आणि प्राण गेला तर मालकाचीही! विधवा आणि मुले यांचा विचार करून ही तजवीज झाली असावी, आणि ती दयेची आहे. पण न्यायाची दृष्टी मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व येईपर्यंत थांबून राहते, हे मनाला पटत नाही.

सिगालोवाद सुत्तात बुद्धाने एका गृहस्थपुत्रास मद्यपानाचे सहा अपाय सांगितले: धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीची हानी. त्याच उपदेशात पुढे सेवकांविषयी धन्याची पाच कर्तव्ये येतात, आणि त्यांत पहिले आहे ते ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून देण्याचे; आजारपणातील शुश्रूषा आणि यथाकाल विश्रांती हीही त्यांतच आहेत. पिणाऱ्याला आणि पोसणाऱ्याला एकाच बैठकीत दिलेला हा उपदेश आपण मधोमध फाडला: अपायांची यादी कामगारापुढे ठेवली, कर्तव्यांची कारखानदाराने वाचलीच नाही. बारा-बारा तास उभे राहून अंग मोडलेला माणूस गुत्त्याकडे वळतो, आणि सकाळी त्याच्या तोंडाचा वास येत असूनही माल वेळेवर जावा म्हणून मुकादम हजेरी मांडतो. तेथे एकाचा प्रमाद दुसऱ्याच्या प्रमादावर उभा असतो, आणि दुसरा तर पूर्ण शुद्धीत असतो. माझ्या मते म्हणूनच त्याचा दोष अधिक जड आहे.

गाळेधारकांस माझी कळकळीची विनंती आहे: वास आला, तर त्या दिवशी त्या माणसाला यंत्रावर बसवू नका आणि कामावरूनही काढू नका, कोणाच्या तरी सोबतीने घरी पोचवा, आणि दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोला. उपचारासाठी रजा मागितली, तर ती द्या, आणि परत येईपर्यंत त्याची जागा राखा.